आंबेनळीसाठी राखून ठेवलेला दिवस

अजमल हा माझा सहावीपासूनचा वर्गमित्र. महाडात गाडी भाड्याने घेऊन फिरायचं असेल तर त्याच्याइतका बडबड्या ड्रायव्हर दुसरा मिळणार नाही. ही मी तारीफ करत नाहीये. चौतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, आणि हा माणूस माझ्यादेखत पुण्याच्या पर्यटकांना सांगतो की सावित्री महाबळेश्वरला उगम पावली ती "खास महाडसाठी" इकडे वळली. पर्यटक माना डोलावतात, कुणी कुणी तर त्याचा व्हिडिओ काढतात. कधी मोकळी जागा असली की तो मलाही गाडीत घालतो, आणि मी मागच्या सीटवर दातओठ खात बसतो.

या अजमलने सव्वीस वर्षं सौदीत, दम्मामला, ट्रेलर चालवला. दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस घरी. त्याच्या मोहल्ल्यात याला सुट्टी कुणी म्हणत नाही, व्हेकेशन म्हणतात. एखाद्याच्या व्हेकेशनची तारीख कळली की सगळे नातेवाईक कामाला लागतात. आखातातला माणूस हजर असताना कार्य उरकलं नाही तर मग पुन्हा दोन वर्षं थांबा, म्हणून लग्नं, साखरपुडे, अगदी जमिनीच्या मोजण्यासुद्धा त्याच तारखांत कोंबायच्या. अजमलच्या तेरा व्हेकेशन अशाच गेल्या. दोन बहिणींची लग्नं, तीन भाच्यांची लग्नं, घराचा स्लॅब, आईचा मोतीबिंदू, एका वर्षी चुलत्याशी बांधाचं भांडण. मला हे सगळं पाठ आहे, कारण प्रत्येक कार्याला मी जेवायला होतो.

आणि तिकडे दम्मामला हा रोज संध्याकाळी केरळच्या, पेशावरच्या ड्रायव्हरांना गोळा करून आमच्या मुलखाच्या गप्पा मारायचा. आमचा रायगड, आमचे सव गावचे गरम पाण्याचे झरे, आमची आंबेनळी. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा हा घाट म्हणजे जणू याच्या परसातली पायवाट. वास्तविक आंबेनळी त्याने तोवर एकदाच पाहिली होती. नववीच्या सहलीत, आणि तीही एसटीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकत. शेजारी मीच बसलो होतो, त्यामुळे यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दहा-अकरा वर्षांपूर्वी तो कायमचा परत आला आणि पर्यटकांना फिरवायला लागला. ज्या जागांच्या गप्पांवर त्याने परक्या मुलखात दिवस काढले, त्या त्याने पन्नाशीनंतर पाहिल्या, आणि त्याही दुसऱ्यांच्या पोरांबरोबर. कुणाचं पोरगं रोपवेत बसून ओरडलं की हा खाली उभा राहून हसायचा. मला ते बघवायचं नाही. तसं मी त्याला बोललो कधीच नाही, कारण बोललो असतो तर त्याने मला नववीतली माझी एखादी फजिती ऐकवली असती.

गेल्या ऑक्टोबरात तो एक दोनशे पानी वही घेऊन माझ्या ओट्यावर आला.

"मास्तर, लिहून दे. महाराष्ट्रात व्हेकेशन का घालवावी. कारणं. नंबर घालून."

मला वाटलं, धंद्याची जाहिरात असेल. मी चष्मा लावला आणि सुरुवात केली, "निसर्गसौंदर्याने नटलेला हा प्रदेश..."

"हे काप," तो म्हणाला. "नटलेला तर बाकू पन हाय."

"बाकू?"

आता बाकू मला माहीत असणं ठीक आहे. अझरबैजानची राजधानी, कास्पियन समुद्राचा काठ, खनिज तेल. दोन मार्कांचा प्रश्न. पण अजमलला बाकू कुठून माहीत? मी पेन खाली ठेवलं तेव्हा कुठे त्याने खरं सांगितलं. त्याचा मुलगा उझैर शारजात कार्गोच्या ऑफिसात आहे. तीन वर्षं झाली, तो घरी आला नव्हता. डिसेंबरात बायको अम्बरीन आणि सहा वर्षांची माहीन यांना घेऊन तो बाकूला निघाला होता. शारजातली सगळीच जातात म्हणे, विमानाने तीन तासांवर आहे.

"तो म्हनतो, अब्बा, घरी आलो की नुसती लग्नं. आमाला बी कदीतरी नुसतं फिरायचंय." अजमल माझ्याकडे न बघता वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होता. "मंग मी म्हटलं, फिरायचंच हाय ना, तर हितं काय कमी हाय? मुंबई हाय, डोंगर हाय, दर्या हाय. पन मी बोललो की त्याला वाटतं बाप बोलतोय. तू लिही. तुझं लिहिलेलं खरं वाटतं."

मग आम्ही दोघांनी मिळून बाकूशी लढाई मांडली.

"तिथं केबल कार हाय."

"रायगडला रोपवे आहे. लिहिलं."

"जुनं शहर हाय, किल्ल्याच्या आत."

"मुंबई. गेटवे, राणीची बाग, म्युझियम. आणि आपली गांधारपाल्याची लेणी त्यांच्या शहराहून जुनी आहेत."

"तिथं जमिनीतनं आग निघते. उझैरनं व्हिडिओ पाठवलावता."

"सवला जमिनीतून उकळतं पाणी निघतं."

"शाबास. आता बर्फ."

इथे मी अडलो. म्हटलं, "कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दंव गोठतं. त्याला हिमकण म्हणता येईल."

"लिही, बर्फ."

"अरे, बर्फ नव्हे, दवबिंदू गोठून..."

"मास्तर, बर्फ लिही."

मी बर्फ लिहिलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकं खोटं मी कधी लिहिलं नव्हतं. दहा कारणं झाली. हरिहरेश्वरचा समुद्रही आला, स्ट्रॉबेरीसुद्धा आली. अकरावं त्याने मला लिहू दिलं नाही, स्वतः सांगितलं आणि मी फक्त उतरवून घेतलं. "आंबेनळी. पाचच्या सुमाराला घाटात वरच्या अंगाला गाडी थांबवायची आनी कठड्याशी उभं रहायचं. खाली आपला सगळा मुलूख दिसतो. आपलं घर दिसत नाय, पन कुठं आसल त्याचा अंदाज येतो." एवढं सांगून त्याने वही माझ्या हातातून घेऊन मिटली, आणि त्याला हा मुलगा किती हवा आहे हे मला त्या दिवशी कळलं. आखातात बापाने सव्वीस वर्षं काढली, आता मुलगा काढतोय. एका घरात दोघं सलग दोन महिने म्हणून कधी राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी उझैरचा व्हॉइस मेसेज आला. अजमल तो ऐकवायला मुद्दाम माझ्याकडे आला.

"अब्बा, लिस्ट मस्त हाय. माहीनला वाचून दाखवली. पन यातली एक तरी जागा तुमी मला दाखवलीत काय?"

आवाजात राग नव्हता. तिकिटाची तारीख विचारावी तसं त्याने विचारलं होतं. अजमलने तो मेसेज तीनदा लावला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच मी या माणसाला शब्द शोधताना पाहिलं. शेवटी फोन तोंडाजवळ धरून तो म्हणाला, "तू ये. एक दिस मी राखून ठेवतो. आंबेनळी. पक्का." आणि त्या एका वाक्यावर बाकू रद्द झालं. अठरा डिसेंबर ते चार जानेवारी, अशी तिकिटं निघाली.

इथवर सगळं छान होतं. पण आनंदाच्या भरात या शहाण्याने शुक्रवारी नमाजानंतर मशिदीबाहेर उझैरच्या तारखा सांगून टाकल्या. मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. रविवारपर्यंत भाचीचं लग्न चोवीस तारखेला ठरलं होतं. सत्तावीसला चुलतभावाच्या मुलाचा साखरपुडा, तीस तारखेला गोरेगावला कुणाचं तरी नवं घर, दोन जानेवारीला म्हसळ्याला वलीमा, म्हणजे लग्नानंतरचं जेवण. आणि मधल्या रिकाम्या दिवसांत जेवणाची आमंत्रणं, रोज दोन.

"तू नाही का म्हणाला नाहीस?" मी ओरडलोच.

"कसा म्हनू? माझ्या टायमाला ही सगळी माझ्यासाठी थांबलीवती. बहिनीचं लगीन माझ्यासाठी आठ महिनं थांबवलवतं."

भिंतीवरच्या कॅलेंडरात तीन जानेवारीभोवती मात्र त्याने लाल पेनाने जाड चौकट काढली. गाडीचं बुकिंग नाही, आमंत्रण नाही, कुणी मेलं तरी हरकत नाही, असं त्याने झुबेदाला, म्हणजे त्याच्या बायकोला, बजावून सांगितलं. ती नुसती कॅलेंडराकडे बघून आत गेली. झुबेदाभाभी तशीही कमीच बोलते. इतक्या वर्षांत तिच्या हातचा चहा मला ओळखता येतो, पण तिच्या मनात काय आहे ते कधी कळलेलं नाही.

उझैर आला तो विमानतळावरून थेट आमंत्रणांच्या तोंडी गेला. मी त्याला पंधरवड्यात चारदा पाहिलं आणि चारही वेळा तो जेवत होता. डोळ्यांखाली काळं, हातात वाजणारा फोन, समोर बिर्याणीची परात, आणि वाढणारी बाई आग्रह करतेय. चोवीस तारखेच्या लग्नात तो मांडवातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपला. अजमलने हळूच त्याच्या हातातली प्लेट काढून घेतली आणि कुणाला दिसू नये म्हणून त्याच्यापुढे उभा राहिला. माहीन मात्र रोज सकाळी आजोबाला विचारायची, "दादा, पहाड कब?" आणि तो बोटं दाखवायचा. सात, सहा, पाच.

तीन तारखेला नऊ वाजता मी स्वेटर, कानटोपी आणि दुर्बीण घेऊन हजर झालो. मला अजमलने "वळनं मोजायला" बोलावलं होतं. गाडी धुऊन दारात उभी होती. झुबेदाभाभीने सांदणं आणि कटलेट डब्यात भरले होते. अम्बरीन तयार होती. माहीन बूट घालून, नाड्या बांधून पायरीवर बसली होती.

उझैर झोपला होता.

आदल्या दिवशीचा म्हसळ्याचा वलीमा त्याला पुरता भोवला होता. साडेनऊला अम्बरीनने हाक मारली तर तो "पाच मिनिटं" म्हणून कुशीवर वळला. दहा वाजले, अकरा वाजले. अम्बरीन पुन्हा आत जायला निघाली तेव्हा अजमलने तिला दारातच थांबवलं.

"झोपू दे त्याला. मी बी शेवटच्या दिसाला आसाच झोपायचो. आंगच उटत नाय."

साडेअकराला फोन आला. अजमलच्या मेहुण्याचा. भाचीच्या सासरची मंडळी तीन वाजता घरी येत होती, उझैरला सलाम करायला, तो उद्या जाणार म्हणून. नवी सोयरीक, पहिल्यांदाच घराची पायरी चढणार. त्यांना नको म्हणायची सोय नव्हती, आणि दाराला कुलूप दिसलं असतं तर भाचीला पुढे जन्मभर ते ऐकावं लागलं असतं.

"मग संपलंच," मी म्हणालो. "अजमल, अरे तुझा दिवस चाललाय."

"गेला तर गेला." असं म्हणताना त्याने तोंड फिरवलं, पण मी बघायचं ते बघितलं. मग तो पायरीवर नातीशेजारी जाऊन बसला. "माहीन, पुढच्या येळेला जाऊ गो. काड बूट."

ती काढेना. रडलीही नाही. नुसती बुटांकडे बघत राहिली.

तेव्हा झुबेदाभाभी मागून म्हणाली, "उझैरनं पन त्या दिशी काडलं नव्हतं."

"कवा?" अजमलने विचारलं.

"दुसरीत व्हता. तुमी त्याला म्हनालावतात, उद्या आंबेनळीला नेतो. सकाळधरनं बूट घालून हितंच बसलावता. तुमी झोपलावतात. मी म्हटलं, अब्बाला उठवू नको, अब्बा दमलाय. उठवलं नाय त्यानं. दुपारी बसल्या जागी झोपला, तवा मी बूट काडलं."

"मला सांगितलं नायस."

"दुसऱ्या दिशी तुमी जानार व्हतात," ती म्हणाली. "काय सांगू?"

अजमलने माहीनच्या बुटांकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो दिवस त्याला आठवत तरी होता की नाही कोण जाणे. मला वाटतं, नसावा. झोपलेल्या माणसाला काय आठवणार. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला, तरातरा आत गेला, आणि पंधरा दिवस ज्याच्या झोपेवर पहारा दिला त्या मुलाच्या अंगावरची चादर त्याने खसकन ओढली.

"ऊट. पोरीनं बूट घातलेत."

उझैर धडपडत बाहेर आला. पायरीवरच्या मुलीला बघून तो जागीच थांबला. आत वळून त्याने घाईघाईने तोंड धुतलं, शर्ट चढवला. मग पाहुण्यांचं कळल्यावर मात्र तो पेचात पडला. "अब्बा, ती मानसं माझ्यासाठी येतायत. थांबायला लागंल."

अजमलने किल्ली त्याच्या हातात ठेवली. "मी हाय त्यांना. तू जा."

"आनी तुमी?"

"घरात कुनीतरी पायजे ना. तुझी पोर हाय, तू दाखव." मग तो बायकोकडे वळला. "तू पन जा."

"मी?" झुबेदाभाभीने विचारलं खरं, पण दुसऱ्यांदा विचारायच्या आत ती डबा घेऊन गाडीत बसलीही होती. तिने आंबेनळी आजवर पाहिलीच नव्हती. आम्हा दोघा पुरुषांच्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं, हे मला इथे लिहायला लाज वाटते.

वाटेत जेवून, पोलादपूरला डिझेल भरून पाचच्या आत वर पोच, वळणावर हॉर्न दे, पोरीला ओकारी आली तर लिंबू डॅशबोर्डात आहे, अशा सूचना देत अजमल गाडीबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला. मला कुणी चल म्हणालं नाही. मी कानटोपी काढून खिशात घातली.

तीनला पाहुणे आले. उझैर नाही म्हटल्यावर चेहरे उतरले. मेहुणा चारचौघांत अजमलला बोलला, आमची किंमत एवढीच काय, म्हणाला. एरवी एका शब्दाला दहा ऐकवणारा हा माणूस, पण "माझीच चूक, मीच पाठवला" एवढंच म्हणत राहिला आणि स्वतःच्या हाताने सरबत देत राहिला. साडेचारला ती मंडळी गेली. मी कप-ग्लास आत नेऊन ठेवले.

मग आम्ही ओट्यावर बसलो. घाटात रेंज नाही, त्यामुळे फोन येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्याने फोन मांडीवर ठेवला होता. डोळे मिटून तो मधूनमधून बोलत होता. "कापडं गाव मागं टाकलं आसल." थोड्या वेळाने, "आता गार लागायला लागलं आसल. काचा वर घेतल्या आसतील." उजवा पाय फरशीवर हळूहळू दाबला जात होता, वळण आलं की सुटत होता. एरवी मी त्याची थट्टा केली असती. त्या दिवशी मीही डोळे मिटले आणि त्याच्याबरोबर चढत राहिलो. मला काही दिसलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्याचा पाय थांबला.

"पोचले. उतरले आसतील. झुबेदा कठड्याच्या लांबच उभी राहील, भित्री हाय. माहीनला उझैरनं खांद्यावर घेतलं आसल, नायतर पोरीला काय दिसायचं नाय."

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "उझैरला तू कधी घेतलंस का रे खांद्यावर?"

"घेतलं ना," तो डोळे न उघडता म्हणाला. "एकदा. चार वर्षांचा व्हता. सहारच्या विमानतळावर, मी आत जायच्या आधी." मग म्हणाला, "उतरतच नव्हता रे."